प्रकल्प नोंदी: कृष्णेची पाणीपातळी, गावोगावचे ग्रुप आणि लिंकचं कार्ड

७ एप्रिल २०२५, सांगली

आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी, कोयनेतून सुटलेला विसर्ग आणि गावनिहाय सूचना दाखवणारं पान तयार आहे. आकडे जलसंपदा विभागाचे. आपण ते वेळेसह मांडतो, एवढंच. आता पावसाळ्याआधी लिंकचं काम उरकायचं आहे. भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ, डिग्रज, हरिपूर इथलं कुणी ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून पान उघडणार नाही. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबतील, किंवा न दाबता तिच्यासोबत दिसणारं कार्ड, म्हणजे चित्र, शीर्षक आणि वर्णनाची चौकट, वाचून पुढे पाठवतील. पुराच्या दिवसांत हे दुसरंच जास्त होतं. त्यामुळे पानाइतकीच मेहनत कार्डावर घ्यायची ठरलं.

इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. हे दोन आकडे कायमचे. बाकीचे तासातासाला बदलतात. कार्डावर काय लिहायचं हे या फरकावरून ठरवायचं आहे.

१० एप्रिल

टॅग बसवले, म्हणजे कार्डावर काय दिसावं हे सांगणाऱ्या पानाच्या कोडमधल्या ओळी. फेसबुकने २०१० मध्ये आणलेली ओपन ग्राफ पद्धत आज व्हॉट्सॲप, टेलिग्राम, लिंक्डइन सगळेच वाचतात. पानाच्या हेडमध्ये (कोडचा वाचकाला न दिसणारा सुरुवातीचा भाग) ओजी:टायटल, ओजी:टाइप, ओजी:इमेज आणि ओजी:यूआरएल हे चार हवेतच. पाचवा ओजी:डिस्क्रिप्शन आपल्यासाठी सक्तीचा धरला. एक्ससाठी त्यांचा स्वतःचा कार्डाचा टॅग वेगळा लावला, मोठ्या चित्राचा प्रकार निवडून.

लावताना पाळायच्या गोष्टी:

चित्राचा पत्ता एचटीटीपीएसपासून सुरू होणारा पूर्ण हवा. नुसत्या स्लॅशने सुरू होणारा अर्धा पत्ता ब्राउझरला कळतो, कार्ड बनवणाऱ्या बॉटला (पान आपोआप वाचणाऱ्या प्रोग्रामला) बऱ्याचदा कळत नाही, आणि कार्ड बिनचित्राचं येतं.

टॅग हेडच्या अगदी वर. आपल्या पानात स्टाइलचा मोठा ठोकळा हेडमध्येच आहे, तो टॅगच्या खाली सरकवला. बॉट पानाचा सुरुवातीचाच भाग वाचून थांबू शकतो.

टॅग सर्व्हरवरूनच तयार होऊन आले पाहिजेत. पान उघडल्यावर जावास्क्रिप्टने भरलेले टॅग फेसबुकच्या आणि व्हॉट्सॲपच्या बॉटला दिसत नाहीत, कारण ते जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. ब्राउझरच्या तपासणी खिडकीत सगळे टॅग व्यवस्थित दिसतात आणि कार्ड मात्र कोरं, असं झालं की पहिला संशय इथेच घ्यायचा. ‘व्ह्यू सोर्स’मध्ये टॅग दिसला तरच तो आहे असं समजायचं.

ओजी:इमेजसोबत रुंदी आणि उंचीचे टॅगही दिले. ते नसले की फेसबुकवर पहिल्यांदा लिंक टाकणाऱ्याला चित्र दिसत नाही, नंतरच्यांना दिसतं. आपल्याकडे पहिला शेअरच सगळ्यात महत्त्वाचा.

१५ एप्रिल

कार्डाचं चित्र. माप १२०० बाय ६३० पिक्सेल, जेपीईजी, वजन १५० केबीच्या आत. फेसबुक याहून कितीतरी जड चित्र घेतं, पण व्हॉट्सॲपवर जड चित्र गळतं आणि नुसता मजकूर उरतो. एसव्हीजी चालत नाही.

मजकूर चित्राच्या मधल्या ६३० बाय ६३० च्या चौकोनात ठेवला. काही ठिकाणी कार्ड आडवं पसरतं, काही ठिकाणी डावीकडे छोटा चौकोन होऊन बसतं. चौकोन होताना दोन्ही बाजू कापल्या जातात. कडेला लिहिलेलं ‘फूट’ कापलं गेलं की मागे नुसता आकडा उरतो, आणि तो मीटर की फूट हे वाचणाऱ्याने ओळखायचं. हे पुराच्या माहितीत चालणार नाही.

खरी अडचण अक्षरांची निघाली. चित्र सर्व्हरवर आपोआप बनवायचं म्हणून पीएचपीच्या जीडी या चित्र बनवणाऱ्या लायब्ररीने मजकूर छापून पाहिला. ‘आयर्विन’ हा शब्द पूर्ण मोडला: र चा रफार होऊन व वर चढला नाही, पाय मोडलेला र तसाच उभा राहिला, आणि व ची पहिली वेलांटी व च्या आधी न येता नंतर आली. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने साठवलेली असतात त्या क्रमाने ती दिसत नाहीत; जोडाक्षर, रफार आणि वेलांटी जागेवर बसवण्याचं काम वेगळं शेपिंग इंजिन करतं, आणि नुसती अक्षरांमागून अक्षरं उमटवणारी लायब्ररी ते करत नाही.

चालणारे मार्ग तीन. इमेजमॅजिक पँगोसह (पँगो आणि पुढचं राक्म अक्षरं जागेवर बसवून घेतात). पायथनची पिलो लायब्ररी, पण ती राक्मसह बसवलेली असेल तरच. किंवा मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये मांडून हेडलेस क्रोमने, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या ब्राउझरने, त्याचा स्क्रीनशॉट. तिसरा घेतला, सर्व्हरवर जड आहे, पण ब्राउझरला मराठी नीट येतं आणि मांडणी बदलणं सोपं. फॉन्ट मुक्ता, तोही सर्व्हरवर बसवून, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येतात.

यापुढे चित्र बनवणारी कुठलीही सोय तपासताना ‘आयर्विन’ हाच शब्द आधी छापायचा. रफार, वेलांटी दोन्ही एका फटक्यात कळतात.

२२ एप्रिल

पत्ता. मराठी शब्दांचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत देखणा दिसतो, पण कॉपी केला की टक्क्याच्या चिन्हांची माळ होते. कारण साधं आहे: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला टक्का धरून ३ अक्षरं लागतात. म्हणजे एका चिन्हाला ९. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘पाणीपातळी’ची ९ चिन्हं, ८१ अक्षरं झाली. ‘पाणीपातळी-आयर्विन-पूल’ असा पत्ता १७३ अक्षरांचा होतो, डोमेन सोडून.

अशी माळ ग्रुपवर आली की लोक ती फसवणुकीची लिंक समजतात, आणि त्यांचं चुकत नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने, सरकारी योजनेच्या नावाने एपीके (अँड्रॉइड ॲपची) फाइल पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार गावोगावच्या ग्रुपवर झाले आहेत. म्हणून पत्ता रोमन लिपीत, छोटा, आपल्याच डोमेनवर. मुख्य पानाला डोमेननंतर एक स्लॅश आणि एकच अक्षर.

लिंक छोटी करून देणारी बाहेरची सेवा घ्यायची नाही. तिथे डोमेन झाकलं जातं, आणि ती सेवा बंद पडली की छापलेली प्रत्येक लिंक मेली. गुगलनेसुद्धा स्वतःच्या सेवेत नव्या छोट्या लिंक देणं २०१९ मध्ये थांबवलं.

२९ एप्रिल

मुख्य प्रश्न. यावर जास्त वेळ देणं भाग होतं.

व्हॉट्सॲपचं कार्ड घेणाऱ्याच्या फोनवर बनत नाही. पाठवणाऱ्याने लिंक चिकटवली की त्याचाच फोन पान उघडून टॅग वाचतो, चित्र घेतो आणि ते सगळं मेसेजसोबत जातं. (म्हणूनच कार्ड दिसायच्या आत ‘पाठवा’ दाबलं तर लिंक बोडकी जाते.) एकदा गेलेलं कार्ड पुन्हा कधीच ताजं होत नाही. फॉरवर्ड केलं तरी तेच जुनं कार्ड पुढे जातं.

याचा अर्थ असा की ओजी:टायटलमध्ये आत्ताची पातळी घातली, समजा ३८ फूट, तर सकाळी आठला पाठवलेलं कार्ड संध्याकाळी फॉरवर्ड होऊनही ३८ च दाखवणार. पानावर ४२ असेल. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड या भागातल्या घराला सामान वर चढवायचं की नाही हे या चार फुटांवर ठरतं. उलटही तितकंच वाईट: पाणी उतरल्यावर जुनं ४५ फिरत राहतं आणि घबराट होते. २०१९ च्या महापुराचे फोटो दर पावसाळ्यात ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. कार्डाचंही तेच होईल, आणि त्यावर आपलं डोमेन असेल.

फक्त कार्डावरचा आकडा काढून टाकणं हा अर्धा उपाय. आकडा नसला की लोक स्क्रीनशॉट काढून पाठवतात, आणि स्क्रीनशॉटला लिंकही नसते. म्हणून दोन प्रकारच्या लिंक ठरवल्या.

कायमची लिंक: कार्डावर एकही बदलता आकडा नाही. टायटल ‘कृष्णेची पाणीपातळी, आयर्विन पूल, सांगली’. खाली ‘इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. आत्ताचा आकडा आणि वेळ आत पाहा.’ ही लिंक फलकावर, ग्रुपच्या माहितीत, इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये.

वेळेची लिंक: प्रत्येक नोंदीला स्वतंत्र पत्ता, ज्यात वर्ष, महिना, दिवस, तास यांचे दोन-दोन असे आठ अंक. वर्ष आधी; ते नसलं तर पुढच्या जुलैत जुनीच नोंद नव्याने फिरेल. टायटलची सुरुवात तारखेने, आकडा नंतर: ‘१८ जुलै २०२५, सकाळी ८: आयर्विन ३८ फूट’ या साच्यात. लांब टायटल शेवटाकडून कापलं जातं, त्यामुळे तारीख शेवटी ठेवली तर नेमकी तीच गळते. चित्रातही तारीख मोठ्या अक्षरांत.

वेळेची लिंक नंतर कुणी उघडली तर वर लाल पट्टी: ‘ही नोंद जुनी आहे’, आणि लगेच खाली ताजा आकडा. पट्टी शोधावी लागता कामा नये. पान उघडल्यावर बोट न हलवता दिसली पाहिजे.

३० एप्रिल

कालच्या रचनेत दोन अडचणी निघाल्या. वेळेच्या पानाचा ओजी:यूआरएल कायमच्या पानाकडे दाखवला तर फेसबुक तिथेच जाऊन टॅग वाचतं आणि तारखेचं कार्ड येतच नाही. प्रत्येक वेळेच्या पानाचा ओजी:यूआरएल त्याचा स्वतःचाच हवा. दुसरं, चित्राचं फाइलनाव प्रत्येक नोंदीला नवं. नाव तेच ठेवून आतलं चित्र बदललं तर मधल्या साठ्यातून जुनंच चित्र येत राहतं.

जुन्या नोंदी गुगलच्या शोधात वर येऊ नयेत म्हणून वेळेच्या पानांवर नोइंडेक्स लावला. त्याने कार्डावर परिणाम होत नाही.

६ मे

फेसबुकचा शेअरिंग डीबगर वापरून सगळी पानं तपासली. फेसबुक एकदा वाचलेलं कार्ड साठवून ठेवतं; टॅग बदलल्यावर डीबगरमध्ये ‘स्क्रेप अगेन’ दाबल्याशिवाय नवं कार्ड लगेच येत नाही. लिंक्डइनसाठी पोस्ट इन्स्पेक्टर. टेलिग्रामचा वेबपेजबॉट हेच काम करतो. व्हॉट्सॲपसाठी असं साधन नाही. तिथे तपासताना पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी अक्षर जोडून स्वतःलाच पाठवायचं, म्हणजे फोन तो नवा पत्ता समजून पान पुन्हा वाचतो.

एका पानाला कार्ड येईना. टॅग बरोबर, चित्र बरोबर. सर्व्हरच्या नोंदीत व्हॉट्सॲपच्या नावाने आलेल्या विनंतीला ४०३ (प्रवेश नाकारला) उत्तर गेलेलं दिसलं. होस्टिंगवरची बॉट अडवणारी भिंत माणूस आणि बॉट वेगळे काढते, आणि कार्ड बनवणारा बॉटही त्यात अडकतो. तपासायचं असं: कर्ल या आदेशाने पान मागवणाऱ्या साधनात यूजर एजंट (मागणाऱ्याची ओळख) म्हणून एकदा व्हॉट्सॲपचं नाव आणि एकदा फेसबुकच्या बॉटचं, म्हणजे फेसबुकएक्स्टर्नलहिट, देऊन पान मागवायचं, २०० (पान मिळालं) आलं तर ठीक, ४०३ किंवा ‘तुम्ही रोबो नाही ना’ छापाचं पान आलं तर भिंतीत सूट द्यायची. चित्राच्या पत्त्यालाही हीच चाचणी करावी, ती बहुतेकजण विसरतात.

१४ मे

मेसेज कसा लिहायचा याचा नमुना गावातल्या ग्रुप चालवणाऱ्यांसाठी ठरवला.

पहिल्या ओळीत ठिकाण, तारीख, वेळ, आकडा. दुसऱ्या ओळीत वाढतंय की उतरतंय. मग रिकामी ओळ, आणि लिंक एकटी स्वतःच्या ओळीवर. मेसेजमध्ये एकच लिंक. दोन दिल्या तर कार्ड पहिलीचंच बनतं.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हातून सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट म्हणजे लिंकला प्रत्यय चिकटवणं. लिंकच्या शेवटी जागा न सोडता ‘वर पाहा’ किंवा ‘ला भेट द्या’ लिहिलं की बऱ्याच फोनवर तो ‘वर’ किंवा ‘ला’ पत्त्यातच धरला जातो आणि ‘पान सापडलं नाही’ येतं. लिहिणाऱ्याला स्क्रीनवर काहीच वावगं दिसत नाही. उपाय दोन्हीकडून केला: नमुन्यात लिंक वेगळ्या ओळीवर, आणि सर्व्हरवर नियम की पत्त्याच्या शेवटी देवनागरी आली तर ती छाटून मूळ पान द्यायचं. पूर्णविराम, स्वल्पविराम, कंस चिकटून आले तरी तेच.

शेवटी एक ओळ: ‘या पानावर काहीही डाऊनलोड करायचं नाही, ओटीपी मागितला जात नाही.’

व्हॉट्सॲपवर शेअर करण्याचं बटण बनवताना पूर्ण मजकूर एन्कोड करावा लागतो, म्हणजे पत्त्यात चालतील अशा टक्क्याच्या चिन्हांत बदलावा लागतो. तसा न करता टाकला आणि लिंकमध्ये ‘अँड’चं चिन्ह असलं तर तिथून पुढचं सगळं गायब होतं. जिथे फोनची स्वतःची शेअर खिडकी उघडता येते तिथे ती. ती फक्त एचटीटीपीएसवर आणि बोट दाबल्यावरच उघडते.

२० मे

मोजणी. व्हॉट्सॲप ॲपमधून आलेला वाचक कुठून आला हे कळत नाही, तो ‘डायरेक्ट’ खात्यात पडतो. म्हणून लिंकला यूटीएमची शेपटी, म्हणजे वाचक कुठून आला हे सांगणारे शब्द: सोर्स, मीडियम, कॅम्पेन. सगळं रोमन लहान अक्षरांत. मोठं आणि लहान अक्षर वेगळं मोजलं जातं. गावाचं नाव देवनागरीत घातलं तर पुन्हा तीच टक्क्यांची माळ.

अडचण पुढची. फेसबुकवरून पान उघडणारा पट्टीतला पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकतो, आणि ‘फेसबुक’ची शेपटी तशीच पुढे जाते. पान उघडून मोजणी झाली की पट्टीतल्या पत्त्यातून शेपटी पुसणारा छोटा कोड लावला. पान पुन्हा लोड होत नाही, पत्ता तेवढा स्वच्छ होतो.

फेसबुक प्रत्येक लिंकला स्वतःची एफबीसीएलआयडी शेपटी जोडतं, प्रत्येकाची वेगळी. साठवलेलं पान देणाऱ्या कॅशला प्रत्येक शेपटी नवा पत्ता वाटते आणि प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने बनवलं जातं. पुराच्या रात्री सर्व्हर बसण्याचं हे पुरेसं कारण आहे. कॅशच्या नियमात ही शेपटी आणि यूटीएम दोन्ही दुर्लक्षित केली.

२७ मे

यंदा मोसमी पाऊस मे अखेरीसच महाराष्ट्रात पोचला. फलकांचं काम पुढे ओढलं.

ग्रामपंचायतीच्या फलकासाठी क्यूआर. पत्ता ३० अक्षरांचा असेल तर मध्यम दुरुस्ती पातळीवर, म्हणजे सुमारे १५ टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल असा, २९ बाय २९ चौकटींचा कोड पुरतो. मराठी पत्ता डोमेनसह १९५ च्या घरात जातो आणि कोड ५७ बाय ५७ होतो. भोवती ४ चौकटींची रिकामी पांढरी पट्टी दोन्हीत हवीच. १५ सेंटिमीटरच्या कोडात पहिल्याची एक चौकट सुमारे ४ मिलिमीटरची, दुसऱ्याची सव्वादोनची. पावसाचे थेंब, ओलसर भिंत आणि जुना फोन असेल तर सव्वादोन वाचली जाईलच असं नाही.

अंतराचा हिशेब दहास एक: दीड मीटरवरून वाचायचं तर १५ सेंटिमीटर. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटची चमक कोडावर येते. कोडात कायमचीच लिंक, वेळेची कधीही नाही. भाड्याच्या ‘डायनॅमिक’ कोडऐवजी आपल्या डोमेनवरूनच पुढे वळवणं, तेही ३०२ ने (तात्पुरतं वळण). ३०१ (कायमचं वळण) दिलं तर फोन ते वळण लक्षात ठेवू शकतो आणि नंतर बदलता येत नाही. कोडखाली पत्ता मोठ्या अक्षरांत छापलेला, हाताने टाइप करता येईल असा.

४ जून

बाकी माध्यमं, थोडक्यात. इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरात लिंक दाबता येत नाही. बायोमध्ये पाचपर्यंत चालतात, स्टोरीवर लिंकचं स्टिकर लावायचं. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातली आणि कॉमेंटमधली लिंक ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून दाबली जात नाही. एक्सवर कितीही लांब लिंक २३ अक्षरांची धरतात, पण मराठीतला प्रत्येक काना-मात्रा वेगळा मोजतात: ‘आयर्विन’ सात.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. ग्रुपमध्ये १०२४. खूपदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. म्हणून गावातल्या प्रत्येक ग्रुपला फॉरवर्ड करत बसण्यापेक्षा ताजी लिंक नव्याने चिकटवणं बरं. त्यात कार्डही ताजं बनतं.

एसएमएसने लिंक पाठवायची तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार ऑक्टोबर २०२४ पासून ती आधी व्हाइटलिस्ट करून, म्हणजे मंजूर यादीत घालून घ्यावी लागते. अर्ज पावसाळ्याआधीच हवा.

११ जून

पीडीएफ. तालुक्यांकडून निवारा केंद्रांच्या याद्या पीडीएफमध्ये येतात. पीडीएफच्या थेट लिंकला ओजी टॅग नसतात, त्यामुळे नीट कार्ड येत नाही. ड्राइव्हवर ठेवली आणि परवानगी ‘लिंक असलेला कुणीही’ अशी नसली तर वाचणाऱ्याला लॉगिनचं पान दिसतं. प्रत्येक यादीसाठी साधं पान बनवलं: गाव, शाळेचं नाव, यादीची तारीख, आणि खाली पीडीएफची लिंक तिच्या वजनासह. यादीतला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर तो टायटलमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा काला दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा आणि मग रफार, ‘श्र’, ‘क्ष’ डोळ्यांनी तपासायचे, कारण बदलताना हेच जास्त बिघडतात.

१७ जून

उरलेलं: हरिपूर आणि ब्रह्मनाळचे फलक लावायचे. लाल पट्टी जुन्या अँड्रॉइड फोनवर फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये एकदा पाहायची. रात्रीच्या नोंदींसाठी तास चोवीसच्या हिशेबात ठेवायचा, नाहीतर सकाळी आठ आणि रात्री आठ यांचा पत्ता एकच होतो.